काटोलजवळच्या ५ एकर पडीक वावरात देशी झाडं लावली तर कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील का?

मिळू शकतात, पण एकट्या ५ एकरांत हिशोब बसत नाही. १ क्रेडिट म्हणजे झाडांनी हवेतून शोषलेला १ टन कार्बन डायऑक्साइड; आपल्या प्रदूषणाची भरपाई म्हणून कंपन्या ते विकत घेतात. झाडाचा घेर मोजणं, तपासणी, नोंदणी, हा खर्चच क्रेडिटच्या पैशांहून जड जातो. म्हणून आजूबाजूच्या शेतकऱ्यांसोबत गट करून उतरा. अन् पहिली काही वर्षं हातात काहीच येत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मोह, ऐन, बिजा, चारोळी, बेहडा अशी मिसळ लावा. नुसता साग लावला तर ते जंगल नव्हे. आमच्या धुऱ्यावरची (बांधावरची) रोपं पहिल्याच उन्हाळ्यात रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, शेंड्यापासून खाल्ली, उरलेली वाळलेल्या गवताच्या आगीत गेली. कुंपण अन् जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) आधी, खड्डे मग.

करारात दोन गोष्टी बघा: किती वर्षं झाडं तोडता येणार नाहीत, आणि झाडं जळाली तर भुर्दंड कोणाला. साग, मोह पुढं तोडायचे झाले तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ते वेगळंच. आणि हो, वावरात आधीच रान माजलं असेल तर क्रेडिटसाठी ते साफ करू नका. गेल्या १० वर्षांत नैसर्गिक जंगल तोडलेली जमीन व्हेराच्या, म्हणजे क्रेडिटची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, नियमात बसत नाही.