कोच लावलाय, म्हणजे माझं काही चुकतंय का?

प्रश्न : मी 52 वर्षांचा. उत्पादन विभागात 27 वर्षं काढली, दीड वर्षापूर्वी संचालक मंडळावर घेतलं. आता एचआरने माझ्यासाठी सहा महिन्यांचं कोचिंग ठरवलंय. कोच बाईंनी कधी कारखाना चालवलेला नाही. त्या मला काय शिकवणार? आणि मी बोलेन ते एमडींच्या कानावर जाणार नाही कशावरून?

उत्तर : शेवटचं आधी घेतो, कारण ती शंका मनात असताना तुम्ही तोंड उघडणारच नाही. पैसे कंपनी भरते, मन मात्र तुम्ही मोकळं करायचं असतं. म्हणून पहिल्या सत्राआधी तुम्ही, कोच आणि एमडी असे तिघे एकत्र बसा. उद्दिष्टं काय आणि सत्रं किती झाली, एवढं एमडींना कळेल. आतलं बोलणं तुम्ही सांगाल तेवढंच. (बेकायदा काही किंवा जिवाशी खेळ असेल तर कोचही गप्प राहणार नाही, हा अपवाद.) हे लिहून घ्या. कोच कां-कूं करू लागल्या, तर दुसरा कोच मागा.

शिकवणार काय? कारखान्यातलं काहीच नाही. गूगलचे सीईओ असताना एरिक श्मिट यांना कंपनीतले गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी कोच घ्यायला सुचवलं, तेव्हा तेही आधी चिडले होते. मी सीईओ आहे, मला कशाला कोच, असं त्यांना वाटलं. ते कोच म्हणजे बिल कॅम्पबेल, एकेकाळी कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. पुढे 2009 मध्ये श्मिट यांनी हाच आपल्याला मिळालेला सर्वोत्तम सल्ला म्हणून सांगितला.

मीही 48व्या वर्षी असाच फुरंगटून बसलो होतो. माझ्या कोचने फक्त सोमवारच्या मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीत बसू द्या म्हटलं. 50 मिनिटांनी त्यांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. तिच्यावर नुसती नावं आणि पुढे फुल्या, एकूण 17. मी कुणाचं वाक्य मधेच तोडलं की एक फुली. त्यातल्या 11 एकाच नावापुढे : आमच्या क्वालिटीच्या बाई, ज्यांना मी सगळ्यांत हुशार समजत होतो. ‘शेवटची वीस मिनिटं त्यांची वही मिटलेली होती, पाहिलंत?’ मी नव्हतं पाहिलं.

उपाय अगदी पोरकट होता. समोरच्याचं वाक्य संपलं की मनात तीन आकडे मोजायचे, मगच बोलायचं. मोजताना जीव जायचा. सातव्या आठवड्यात त्या बाई भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, ‘ही तारीख जमणार नाही, सर.’ तारीख मीच जाहीर केलेली होती.

कोच पारखायचाच असेल, तर इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं प्रमाणपत्र बघा. त्यांच्या पीसीसी (प्रोफेशनल सर्टिफाइड कोच) पातळीला किमान 125 तासांचं प्रशिक्षण आणि 500 तासांचा अनुभव लागतो. मी मात्र त्याहून जास्त भरवसा एका प्रश्नावर ठेवतो : ‘तुम्ही कोणतं काम नाकारलंत?’

एक शंका तुम्ही लिहिलेली नाही, पण ती मला ओळींच्या मधे दिसते. कुणाला काढायचं ठरलेलं असताना ‘आम्ही प्रयत्न केला’ म्हणायला कोच लावतात, असंही मी पाहिलंय. तेव्हा त्या तिघांच्या बैठकीत एमडींना सरळ विचारा, ‘सहा महिन्यांनी माझ्यात काय बदललेलं दिसलं पाहिजे?’ नेमकं उत्तर आलं, तर कामाला लागा. गोलगोल आलं, तर कोच बाईंना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा आणि एमडींशी आधी ते बोलून घ्या.