सव्विसावं नाव

अनेक आशीर्वाद.

बेसबॉलचा सीझन सुरू व्हायला आठवडा उरलाय, संघात जागा सव्वीस, नावं सत्तावीस, आणि तुझ्या साहेबांनी 'तुला काय वाटतं ते लिहून आण' म्हणत तो गुंता तुझ्या टेबलावर टाकलाय. म्हणजे आता नोकरी खऱ्या अर्थानं सुरू झाली म्हणायची. एकीकडे चौतीस वर्षांचा गडी, इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसांच्या आसपास, कुठेही उभा करा, बारा वर्षं सगळ्यात वरच्या मेजर लीगमध्ये काढलेला. दुसरीकडे तेवीस वर्षांचा पोरगा, सीझनआधीच्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये चेंडू कुंपणाबाहेर भिरकावतोय आणि प्रॉस्पेक्टच्या, म्हणजे होतकरू पोरांच्या, प्रत्येक यादीत झळकतोय. तू विचारलंस, दोघांत चांगला कोण?

या प्रश्नाचं उत्तर तुमच्या क्लबात दहाजणांनी आधीच दिलेलं असणार. स्काउट आहेत, हिटिंग कोच आहेत, तुझं स्वतःचं मॉडेल आहे. रोस्टर, म्हणजे संघाची यादी, सांभाळणाऱ्यानं त्यापुढचं विचारायचं असतं. हा निर्णय चुकला तर परत फिरवता येईल का? आणि येत असेल, तर त्याची किंमत कोण मोजणार?

नियम तुला पाठ असतील, तरी एकदा या नजरेनं वाच. तेविशीतल्या पोराकडे तीन ऑप्शन वर्षं असतात. त्या प्रत्येक वर्षी त्याला मायनर लीगमध्ये, म्हणजे क्लबच्या खालच्या संघांत, पाठवता येतं. क्लब आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारानं एका सीझनमध्ये जास्तीत जास्त पाच वेळा अशी मर्यादा घातली, पण पाच वेळा म्हणजे काही कमी नव्हे. चौतीस वर्षांच्या माणसाला मात्र असं हलवता येत नाही. पाच वर्षांची सर्व्हिस, म्हणजे मेजर लीगमधला काळ, झालेला खेळाडू खाली जायला सरळ नाही म्हणू शकतो. त्याला हलवायचं तर यादीतूनच काढावं लागतं, त्याला डीएफए म्हणतात. मग आठवड्याभरात ट्रेड (दुसऱ्या क्लबशी सौदा), नाहीतर वेव्हर (बाकीच्या क्लबांना तो उचलायची मुभा), नाहीतर मोकळा. तो दरवाजा एकाच बाजूला उघडतो.

तू क्रिकेटवर वाढलेली, म्हणून एक फरक ध्यानात ठेव. मुंबई इंडियन्सच्या पोरानं रणजीत कुठल्या नंबरवर खेळायचं हे मुंबई इंडियन्स ठरवत नाही. इथे मेजर लीगच्या लगेच खालच्या ट्रिपल-एपासून तळाच्या डॉमिनिकन समर लीगपर्यंतचे सगळे खेळाडू क्लबच्याच करारावर असतात. कुणी कुठे, किती आणि कोणत्या जागी खेळायचं ते क्लब ठरवतो. एवढी सत्ता हातात असली की ती वापरायची खोडही लागते.

त्यातून दोन दुखणी जन्मतात. पहिलं असं, की घासाघीस झाली की दरवेळी ऑप्शनवाला पोरगाच खाली जातो, कारण त्यात कुणाला काही गमवावं लागत नाही. म्हणजे क्लबला नाही. पोराला लागतं. २०२५ मध्ये मेजर लीगचा किमान पगार ७,६०,००० डॉलर होता, म्हणजे सीझनमधल्या प्रत्येक दिवसाचे चार हजारांवर. खाली पाठवलं की त्यातला छोटा तुकडा हातात पडतो. भाड्याचं घर एका शहरात आणि बॅग दुसऱ्या शहरात, हे वेगळंच. दुसरं दुखणं याच्या उलट. जुन्या माणसाला सोडलं की तो परत येत नाही, या धाकानं त्याला महिनाभर जास्त ठेवलं जातं.

२०१२ चा एप्रिल बघ. एंजल्स वीस सामन्यांत सहा जिंकून चौदा हरले होते. संघात ३८ वर्षांचा बॉबी अब्रेयू होता, ट्रिपल-एत सॉल्ट लेकला २० वर्षांचा माइक ट्राउट. आदल्या वर्षी ट्राउटला वर आणलं होतं तेव्हा चाळीस सामन्यांत त्याची बॅटिंगची सरासरी फक्त .२२० होती आणि त्या वसंतात तो आजारीही होता, त्यामुळे त्याला खाली ठेवणं मूर्खपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. एप्रिलच्या शेवटी त्यांनी अब्रेयूला मोकळं केलं आणि ट्राउटला बोलावलं. उरलेल्या सीझनमध्ये .३२६, ३० होम रन, ४९ स्टील (पळून चोरलेले बेस) आणि एकमतानं रूकी ऑफ द इयर, वर्षातला सर्वोत्तम नवखा. एंजल्सनी ८९ सामने जिंकले. वाइल्ड कार्डला, म्हणजे प्लेऑफच्या मागच्या दाराला, ९३ लागले. पहिले वीस सामने कुणाच्या खात्यावर लिहायचे ते तू ठरव.

मात्र यावरून 'म्हातारे काढा, पोरं आणा' असं सूत्र बांधू नकोस. त्याच एंजल्सनी मे २०२१ मध्ये आल्बर्ट पुहोल्सला डीएफए केलं. दहा वर्षांच्या, २४ कोटी डॉलरच्या कराराचं ते शेवटचं वर्ष होतं. फर्स्ट बेसला जॅरेड वॉल्श, फक्त बॅटिंग करणाऱ्या डीएचच्या जागी ओहतानी, पुहोल्सला जागाच नव्हती. निर्णय रास्त होता. पुढच्या वर्षी सेंट लुईसनं त्याला डावखुऱ्या पिचरसमोर उतरवायला घेतला आणि त्यानं २४ होम रन मारून कारकीर्द ७०३ वर संपवली. माणूस तोच. फक्त त्याच्यासाठी काम नेमून दिलेलं होतं.

म्हणून कुणी मीटिंगमध्ये 'व्हेटरन प्रेझेन्स', म्हणजे जुन्या माणसाचा संघातला वावर, म्हणालं की लगेच मान डोलवू नकोस. विचार, कुणासाठी, कधी, काय करणार? शिकागो कब्जनी डेव्हिड रॉसला घेतलं त्यामागे सांगता येईल असं कारण होतं. त्यांचा पिचर जॉन लेस्टरला बेसवर चेंडू फेकायचा म्हटलं की घाम फुटायचा. त्याच्या सामन्यांत रनरना धाकात ठेवेल आणि त्याला शांत ठेवेल असा कॅचर हवा होता. रॉसची बॅट बेताचीच होती. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात ३९ व्या वर्षी त्यानं होम रन मारला तो बोनस. तुझ्या चौतीसवाल्याबद्दल असं एक वाक्य लिहिता येतं का बघ. 'तरुण शॉर्टस्टॉपबरोबर रोज सकाळी ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) घेतो' हे वाक्य चालेल. 'अनुभवी आहे' हे नाही चालणार. ते त्याच्या जन्मतारखेवरूनही कळतं.

पोरांच्या बाबतीत एक भीती सगळ्यांच्या मनात असते, की लवकर आणलं आणि आपटला तर कायमचा खचेल. जॅक्सन हॉलिडेचं उदाहरण ताजं आहे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथे, पहिला निवडलेला खेळाडू, वय वीस. १० एप्रिल २०२४ ला बाल्टिमोरनं वर आणला. ३४ अ‍ॅट-बॅटमध्ये, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्यांत, दोन हिट, अठरा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). २६ एप्रिलला नॉरफोकला, त्यांच्या ट्रिपल-ए संघात, परत. वर्तमानपत्रांनी काय काय लिहिलं असेल ते तू ओळखशीलच. ३१ जुलैला तो परत आला आणि कारकिर्दीतला पहिला होम रन मारला तोच ग्रँड स्लॅम, चार धावांचा. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, आणि इथे तर काठावर परत यायची सोय नियमातच आहे. खाली पाठवल्यानं पोरगा वाया जात नाही. वर ठेवून आठवड्यातून दोनदा खेळवला तर जातो. तेवीस वर्षांच्या बॅटला रोज चार वेळा पिचरसमोर उभं राहायला मिळालं पाहिजे, मग ते गाव कुठलंही असो.

आता सर्व्हिस टाइम. यावर तुमच्या ऑफिसात कुणी मोठ्यानं बोलणार नाही, पण हिशेब सगळ्यांनी केलेला असतो. १७२ दिवस म्हणजे एक वर्ष, सहा वर्षं झाली की फ्री एजंट, कुठल्याही क्लबात जायला मोकळा. सीझन १८७ दिवसांच्या आसपास, म्हणजे सुरुवातीचे जेमतेम दोन-सव्वादोन आठवडे खाली ठेवलं की पोरगा एक अख्खं वर्ष जास्त आपल्याकडे राहतो. २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटनं स्प्रिंगमध्ये नऊ होम रन मारले तरी कब्जनी त्याला एप्रिलच्या मध्याला वर आणलं. वर्षाअखेर त्याच्या खात्यावर १७१ दिवस. एक कमी. तो दाद मागायला गेला आणि २०२० च्या सुरुवातीला हरला. कायद्यानं क्लब बरोबर ठरला, पण पुढे प्रत्येक बोलणीत तो एक दिवस टेबलावर बसलेला असणार, हे कुठल्याही लवादाला मोजता येत नाही.

२०२२ पासून ही चलाखी पूर्वीइतकी फायद्याची राहिली नाही. रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला पूर्ण वर्षाची सर्व्हिस मिळते. पॉल स्कीन्स २०२४ मध्ये मे महिन्यात येऊनही त्याचं वर्ष भरलं. उलट पोराला पहिल्या दिवसापासून खेळवलं आणि तो ते बक्षीस जिंकला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. सिएटलला हुलिओ रॉड्रिगेझमुळे मिळाली. तेव्हा दिवस मोजून कुणी तुझ्याकडे शिफारस मागितली तर हा दुसरा रकानाही भरून दे. साहेबांना नको असलेली गोष्ट आकड्यांत सांगितली की ती जरा बरी ऐकली जाते.

ट्रेडचं फार लांबवत नाही, जुलैत वेगळं बोलू. एवढंच, की हसण्यावारी नेलेले सौदे नीट वाच. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटनं ३६ वर्षांच्या डॉयल अलेक्झांडरसाठी वीस वर्षांचा एक पिचर अटलांटाला दिला. तो जॉन स्मोल्ट्झ, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. लोक अजून डेट्रॉइटची टिंगल करतात. पण अलेक्झांडर त्या दोन महिन्यांत नऊ जिंकला, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटनं विभाग दोन सामन्यांनी जिंकला. मी त्या सौद्याला चूक म्हणत नाही. १९९० मध्ये बॉस्टननं रिलीव्हर (सामन्यात मधेच येणारा पिचर) लॅरी अँडरसनच्या २२ इनिंगसाठी पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला जेफ बॅगवेल दिला, त्याला म्हणतो.

आणि नोव्हेंबर विसरू नकोस. मार्चमधला हा तमाशा सगळ्यांना दिसतो. खरं भांडण नोव्हेंबरात चाळीसच्या यादीवर होतं, म्हणजे या सव्विसांसकट क्लब ज्या चाळिसांना धरून ठेवतो तिच्यावर. रूल ५ ड्राफ्टच्या आधी, ठरावीक वर्षं क्लबात काढलेल्या ज्या पोराला तिथे जागा दिली नाही त्याला दुसरा क्लब एक लाख डॉलरला उचलू शकतो. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी एक पोरगा माँट्रियलच्या संघात झाकून ठेवला होता. पिट्सबर्गनं त्याला चार हजारांत नेला. तो रॉबेर्तो क्लेमेंते, पुढे खेळातला दिग्गज. हल्ली अशी लॉटरी क्वचित लागते, पण चाळिसाव्या जागेवर तिसरा कॅचर ठेवायचा की ट्रिपल-एच्या खालच्या डबल-एतला अर्धकच्चा पिचर, हे ठरवताना ते नाव आठवलेलं बरं.

आता तुझ्या सव्विसाव्या जागेचं. पोराला रोज खेळायला मिळेल का, हे आधी मॅनेजरला विचार. 'बघू', 'मॅचअपप्रमाणे' (समोरचा पिचर बघून) असं उत्तर आलं तर ते 'नाही' समज. मला वाटतं तसंच येणार, कारण तुमचा सेकंड बेसमन धडधाकट आहे. मग पोरगा ट्रिपल-एला. चौतीसवाला मायनर लीग करारावर कॅम्पला आलाय असं तू लिहिलंस. त्याच्यासारख्या जुन्या फ्री एजंटना ओपनिंग डेच्या पाच दिवस आधी, १ मे आणि १ जून अशा तारखांना बाहेर पडायचा हक्क असतो. यादीत घेतलं नाही तर तो जाईल आणि मे महिन्यात कुणाचा तरी घोटा मुरगळला की तुला त्याच्याच तोडीचा माणूस शोधत फिरावं लागेल. त्याला घे. पण शिफारशीच्या खाली एक तारीख लिही, १५ मे म्हण, की त्या दिवशी दोघांचे आकडे पुन्हा समोर ठेवू. तारीख आत्ता लिहिली नाहीस तर ती जुलैपर्यंत कुणाला सुचणार नाही. आणि त्याला ठेवायचा नाही असं उद्या ठरलं, तर उद्याच सांगा. पाच दिवस अडकवून ठेवलं तर बाकीच्या क्लबांच्या जागा तोवर भरून जातात.

पोराला सांगायच्या वेळी साहेबांची परवानगी काढून खोलीत बस. सकाळी क्लबहाउसमधला माणूस त्याच्या लॉकरपाशी येऊन 'मॅनेजर बोलावतायत' म्हणतो आणि आजूबाजूच्या चार लॉकरमधल्या गप्पा तिथेच थांबतात. सगळ्यांना कळलेलं असतं. आत गेल्यावर पहिल्या वाक्यानंतर त्याला काही ऐकू येत नाही, नुसता बुटांकडे बघत 'येस सर' म्हणत राहतो. तो बाहेर येईपर्यंत लॉकरवरची नावाची पट्टी निघालेली नसावी, एवढं क्लबहाउसवाल्यांना आधी सांगून ठेव. खाली जाऊन नेमकं काय करायचं ते त्याला संध्याकाळी फोनवर पुन्हा सांगायला लावा. 'मेहनत कर' नव्हे. छातीच्या वरच्या फास्टबॉलवर बॅट आवरायची आणि सेकंड बेसवर डबल प्लेचं, एका चेंडूवर दोघांना बाद करायचं, वळण पक्कं करायचं, असं. परत कधी आणणार याचा शब्द देऊ नका.

तेवढ्यात एक फोन ट्रिपल-एच्या मॅनेजरलाही कर. पोरगा तिथे सेकंडला खेळणार की थर्डला, हे त्याच्या विमानाआधी ठरलेलं असू दे.

तुझा,
काका