काठीची सावली आणि बाटलीतला पाऊस : शालेय भूगोलाविषयी वाचकांचे प्रश्न

मुलांना भूगोलाची गोडी कशी लागेल, याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी आठवी-नववीला भूगोल शिकवते. अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते यांच्या व्याख्या मुले अचूक लिहितात, परंतु "या रेषा काल्पनिक आहेत, तर त्या शिकायच्या कशासाठी?" असे एका विद्यार्थिनीने विचारले. तिला काय सांगावे? (शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : तिला काही सांगण्याआधी एक मीटर लांबीची सरळ काठी शाळेच्या मैदानावर उभी करावी, ओळंबा लावून ती नीट उभी आहे याची खात्री करावी आणि दुपारची तिची सावली मोजायला मुलांना बसवावे. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली दिसेनाशी होते तो दिवस, यासाठी उत्तम, असे बहुतेकांना वाटते. मात्र कोल्हापुरात तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे सुट्टीत येतो आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ढगाळ आकाशाखाली येतो. त्यामुळे शाळेच्या दृष्टीने डिसेंबर अधिक सोयीचा आहे.

हा प्रयोग एकट्या शाळेने न करता नागपूरच्या एखाद्या शाळेला सोबत घेऊन, ठरवून एकाच दिवशी करावा. २२ डिसेंबरला एक मीटर काठीची सर्वांत आखूड सावली कोल्हापुरात सुमारे ८४ सेंटिमीटर भरेल, तर नागपुरात सुमारे ९९. काठी तीच, सूर्य तोच, दिवसही तोच. मग हा पंधरा सेंटिमीटरांचा फरक आला कुठून, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि घाईने उत्तर देऊ नये. पृथ्वी सपाट असती तर दूरवरच्या सूर्याने दोन्ही ठिकाणी सारखीच सावली पाडली असती, इथपर्यंत काही मुले स्वतःच पोहोचतात, आणि तो क्षण शिक्षकाने हिरावून घेऊ नये असे माझे आग्रहाचे मत आहे.

त्यानंतर काठी आणि सावली यांचा काटकोन त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून काठीच्या वरच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा. कोल्हापूरचा कोन सुमारे ४० अंश आणि नागपूरचा सुमारे साडेचव्वेचाळीस अंश येईल. हा साडेचार अंशांचा फरक म्हणजेच दोन्ही गावांच्या अक्षांशांमधला फरक. नकाशावर या दोन गावांचे फक्त दक्षिणोत्तर अंतर मोजले, तर ते ४९५ किलोमीटरांच्या आसपास येते. साडेचार अंशांना एवढे अंतर, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक मांडले की ४० हजार किलोमीटरांच्या जवळपासचा आकडा मिळतो आणि तोच पृथ्वीचा परीघ असतो. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिस याने इजिप्तमधील अलेक्झांड्रिया आणि सायीन या दोन गावांच्या आधारे हेच गणित केले होते. मुलांचे उत्तर एक-दोन हजार किलोमीटरांनी चुकले तरी चालेल. ते का चुकले असावे यावर होणारी चर्चा त्या उत्तराइतकीच मोलाची असते.

रेखावृत्तेही याच प्रयोगातून हाती येतात. सर्वांत आखूड सावली नेमकी कधी पडते हे नुसते पाहून ठरवणे कठीण असते, कारण मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी फार सावकाश बदलते. त्यासाठी आपल्याकडील ज्योतिर्विदांची शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, जुनी रीत वापरावी. काठीभोवती एक वर्तुळ आखून, सकाळी सावलीचे टोक त्या वर्तुळाला स्पर्श करते ती वेळ आणि दुपारी पुन्हा स्पर्श करते ती वेळ नोंदवावी. या दोन वेळांचा मध्य म्हणजे त्या गावचा मध्यान्ह. त्या दिवशी नागपुरात तो साधारण बारा वाजून बारा मिनिटांनी आणि कोल्हापुरात साडेबाराच्या सुमारास होईल. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात हे वाक्य मुलांनी अनेकदा लिहिलेले असते. आपल्या आणि नागपूरच्या मध्यान्हांत एकोणीस-वीस मिनिटांचे अंतर पडलेले पाहिल्यावर ते त्यांना पटलेले असेल, आणि आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच वहीत सापडेल.

प्रश्न : आमची शाळा माण तालुक्यात आहे. साधने नाहीत, प्रयोगशाळा नाही. पाऊस हा पाठ दुष्काळी भागातल्या मुलांना कसा शिकवावा? (शिक्षक, दहिवडी परिसर)

उत्तर : पावसाचा पाठ शिकवण्यासाठी आपल्यासारखी जागा महाराष्ट्रात थोड्याच ठिकाणी असेल. आपल्याच जिल्ह्यातील महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला आपल्याकडे पाचशे मिलिमीटरही जेमतेम. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यामुळे त्याच्या पलीकडे राहणारा कमी पावसाचा प्रदेश, या शब्दाचा अर्थ तुमच्या मुलांच्या घरात, विहिरीत आणि चाऱ्याच्या गंजीत आहे. गरज आहे ती त्याला मोजमापाची जोड देण्याची.

सरळ भिंतींची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवावा आणि बुडाचा खोलगट भाग खडे व पाणी घालून भरून तिथे शून्याची रेघ मारावी. बाटली भिंतीपासून आणि झाडापासून त्यांच्या उंचीच्या दुपटीइतकी तरी दूर असावी. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खाते ज्या वेळी नोंद घेते त्याच वेळी, मुलांनी पट्टीने पाणी मोजावे, बाटली पुन्हा शून्यापर्यंत आणावी आणि तो आकडा परिपाठात वाचून दाखवावा. पाऊस नसेल त्या दिवशी 'शून्य' हेही आवर्जून वाचावे, कारण जून-जुलैतील शून्यांची ती लांब रांग आणि सप्टेंबरात परतीच्या पावसाने भरणारी पाने एकत्र पाहिल्याशिवाय आपल्या भागाचा पावसाळा कळत नाही.

शक्य असल्यास महाबळेश्वर किंवा वाई परिसरातील एखाद्या शाळेला अशीच नोंद ठेवण्याची विनंती करून महिन्याअखेर वह्यांची अदलाबदल करावी. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्याशीही शाळेचा आकडा ताडून पाहता येईल. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्यांचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला असतो, हे घरोघरी माहीत असते. त्यामुळे मंडळाच्या केंद्रावर पडलेला पाऊस आणि आपल्या शिवारात पडलेला पाऊस वेगळे असू शकतात, हे मुलांनी आकड्यांनी दाखवून दिले की पालकही ती वही मागून घेऊन वाचतील.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. तो तासन्‌तास मोबाइलवर नकाशे पाहत बसतो, पण भूगोलाचे पुस्तक उघडत नाही. शिवाय या विषयाला पुढे वाव तरी काय आहे? (पालक, पुणे)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी संपवतो. दूरसंवेदन, भौगोलिक माहिती प्रणाली, नगररचना, जलव्यवस्थापन, हवामान अशा अनेक क्षेत्रांत भूगोल जाणणाऱ्यांना काम आहे. तथापि सातवीतल्या मुलाच्या आवडीला एवढ्यात नोकरीच्या तराजूत घालू नये, ही विनंती.

नकाशे पाहणारा मुलगा भूगोलाच्या दारातच उभा आहे. त्याला पुस्तकाकडे ओढण्याऐवजी मोबाइलवरील नकाशा ज्याचे उत्तर लगेच देत नाही असा प्रश्न द्यावा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या पुराने दक्षिण पुण्यात जीवितहानी झाली. हा ओढा कात्रजकडून येऊन मुठेला मिळतो. तो कुठे उघडा आहे, कुठे भिंतींच्या मध्ये आवळला आहे, त्याला कोणते नाले येऊन मिळतात आणि त्याच्या काठची घरे किती उंचीवर आहेत, हे त्याला स्वतःच्या हाताने नकाशात भरू द्या. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावरील उपग्रहचित्रे आणि भारतीय सर्वेक्षण खात्याचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा या कामी उपयोगी पडतील. त्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असते आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, वाचता आल्या की पाणी कुठून कुठे धावेल हे घरबसल्या सांगता येते.

घरात किंवा ओळखीत पेठांमध्ये वाढलेले कोणी आजी-आजोबा असतील, तर १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते, हे त्यांना मुलाने विचारावे आणि प्रत्येक उत्तर नकाशावर बिंदूने दाखवावे. चार-पाच घरांतून अशी माहिती मिळाली की पूररेषा स्वतः आखता येते. एवढे केल्यावर 'नदीचे कार्य' हा पाठ तो आपणहून उघडेल, असा मला विश्वास वाटतो. रविवारी त्याच्याबरोबर ओढ्याच्या काठाने कोरड्या दिवसांत चालत जायला मात्र पालकांनी वेळ काढायला हवा. हे काम त्याच्यावर एकट्यावर सोपवण्यासारखे नाही.

प्रश्न : दहावीच्या पुस्तकात क्षेत्रभेटीचा पाठ आहे, पण परवानगी, बस आणि खर्च यांमुळे सहल रद्द होते. काय करावे? (मुख्याध्यापक, दादर)

उत्तर : क्षेत्रभेट आणि सहल यांची गल्लत झाल्यामुळे ही अडचण उभी राहते. आपल्या शाळेपासून समुद्र पायी जाण्याच्या अंतरावर आहे, तेव्हा दोन तासिका जोडून घेतल्या तरी काम होईल. भरतीची वेळ काढण्याची कोकण किनाऱ्यावरील जुनी रीत अशी की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी; येईल तितक्या वाजता भरती. म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास. मुलांनी आधी वर्गात हे गणित करावे, मग पंधरवड्यातून तीन-चार वेळा बांधावरील एखादी ठरलेली खूण धरून पाण्याची पातळी आणि वेळ नोंदवावी, आणि आपला आकडा प्रसिद्ध होणाऱ्या भरतीच्या वेळापत्रकाशी ताडावा. अमावास्या-पौर्णिमेची मोठी, उधाणाची भरती आणि अष्टमीच्या आसपासची लहान, भांगाची भरती यांतील फरक त्यांना चित्राशिवाय समजेल. पावसाळ्यात साडेचार मीटरांहून मोठ्या भरतीचे इशारे का दिले जातात आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस झाला तर शहराचे पाणी समुद्रात का उतरत नाही, हा पुढचा प्रश्न मुलांकडूनच येतो. जवळच्या कोळीवाड्यातील अनुभवी मच्छीमाराला एक दिवस वर्गात बोलवावे आणि त्यांना विचारायची प्रश्नावली मुलांनी तयार करावी. नोंदी ऑक्टोबर ते मे या काळात बांधावरूनच घ्याव्यात, वाळूत कोणी उतरू नये आणि प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक असावा.