आधी गाणं ऐकू दे, मग काढून घे

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या डब मिक्सची फाइल काल रात्री दोनदा ऐकली. एकदा हेडफोनवर, एकदा स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर, भांडी घासता घासता. दुसऱ्या खेपेला दुखणं सापडलं. तू एको (प्रतिध्वनी) भरपूर लावलास, पण काढलं काहीच नाहीस. गाणं होतं तिथेच आहे, वर धुकं पसरलंय. याला डब म्हणत नाहीत गं. डब म्हणजे तयार गाण्यातले आवाज नि वाद्यं काढत, उरलेल्यांना एकोत सोडत गाण्याला नवं रूप देणं.

रागावू नकोस. ऐंशीच्या दशकातल्या बारा इंची रेकॉर्डी ऐकून ज्यांना ज्यांना हात शिवशिवले, त्यातल्या बहुतेकांनी आधी हेच केलंय. मीसुद्धा.

त्या रेकॉर्डी करणारी मंडळी कुणाकडून शिकली ते आधी बघ. जमैकात, स्पॅनिश टाउनला रुडी रेडवुड नावाचा एक साउंड सिस्टिमवाला, म्हणजे मोठे स्पीकर लावून लोकांना नाचवणारा, होता. 1967-68 च्या सुमारास त्याच्यासाठी एका चालत्या गाण्याची तबकडी कापताना गायकाचा आवाज घालायचाच राहिला. त्यानं ती तशीच उचलून नेली. आधी नेहमीची तबकडी वाजवली, मग ही बिनआवाजाची. आणि नाचणारी माणसं स्वतःच गायला लागली, असं सांगतात. यातला क्रम ध्यानात घे. गाणं लोकांच्या तोंडी बसलेलं होतं, म्हणून गायक गेल्यावर जागा रिकामी वाटली नाही. तुझ्या फाइलमध्ये गाणारी बाई पहिली ओळ म्हणायच्या आतच तिचे तुकडे उडायला लागतात. अजून जिची ओळख नाही तिची आठवण कशी येणार?

पुढे जमैकातल्याच किंग टबीनं त्याची कला केली. माणूस मुळात विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करणारा. त्याच्याकडे चार ट्रॅकचं (आवाजाच्या चार वेगळ्या वाटांचं) मिक्सर होतं, दुसऱ्या स्टुडिओनं काढून टाकलेलं. त्यावरच्या फिल्टरचं बटण फिरवून तो खालचे सूर टप्प्याटप्प्यानं कापायचा. चारच ट्रॅक! तुझ्या प्रोजेक्टमध्ये मी चौसष्ट मोजले.

आता तुझ्या लाडक्या 1982 कडे येऊ. तेव्हाच्या न्यूयॉर्कमध्ये बारा इंची सिंगलमुळे रुंद खोबणी मिळाली, म्हणजे बेस जोरात कापता येऊ लागला आणि गाणं सहासात मिनिटं चालवता येऊ लागलं. डब करायला ही ऐसपैस जागाच लागते. फ्रान्स्वा केव्होर्कियन 1975 ला फ्रान्सहून तिथे आला तो ड्रम वाजवणारा म्हणून. याझू या ब्रिटिश जोडीचं ‘सिच्युएशन’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या एका गाण्याच्या मागच्या बाजूला पडलेलं होतं. केव्होर्कियननं अमेरिकेसाठी ते रीमिक्स केलं आणि क्लबांमध्ये ते गाजलं. त्यातलं ॲलिसन मोयेचं हसू ऐक. एक साधं हसू, पण नेमकं कुठे सोडायचं ते कळल्यामुळे वाद्य होऊन बसलंय. ड्रमरला ही अक्कल उपजत असते असं माझं मत आहे. गायक मंडळी मिक्सरवर बसली की स्वतःचा आवाज कमी करायला त्यांचा हात धजत नाही. (हे तुलाही लागू आहे, तू गातेस म्हणून मुद्दाम लिहितो.)

त्याच वर्षीचं पीच बॉइजचं ‘डोन्ट मेक मी वेट’, डीजे लॅरी लेव्हानच्या हातचं. त्यातल्या टाळ्यांकडे लक्ष दे. टाळी पडते, एकोत शिरते आणि खोलीभर फिरून येते. खाली सिंथेसायझरचा बेस आपला जागेवर ठाम. सगळंच फिरायला लागलं असतं तर काहीच फिरतंय असं वाटलं नसतं. लेव्हान न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराज क्लबमध्ये रात्र रात्र रेकॉर्डी लावायचा. माणसं कुठल्या सेकंदाला अंग सैल सोडतात, हे तो समोर बघत होता. आपण बेडरूममध्ये हेडफोन घालून बसतो, तेव्हा निदान उभं राहून मिक्स करावं.

ह्यूमन लीग या ब्रिटिश बँडचा तो रीमिक्स आल्बम मात्र वेगळ्या जातीचा. त्यांच्या ‘डेअर’ आल्बमच्या गाण्यांतून निर्माता मार्टिन रशेंटनं 1982 मध्ये ‘लव्ह अँड डान्सिंग’ काढला, गायन जवळजवळ सगळं पुसून. पण त्यातलं बरंचसं काम ब्लेडचं आहे, टेप कापून जोडण्याचं. सुंदर आहे, पण शिवलेलं आहे. तुला जे हवंय ते चालता चालता हातानं होतं, म्हणून सध्या तो बाजूला ठेव.

आता तुझ्या फाइलचं. फक्त आवाजाचा ट्रॅक घे. त्याचा एकोकडे जाणारा सेंड (आवाजाचा भाग तिकडे वळवणारं बटण) प्री-फेडर कर, म्हणजे फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढला तरी एकोत आवाज जात राहील. दुसऱ्या कडव्याचा शेवटचा शब्द आला की सेंड उघड, शब्द संपला की बंद, आणि त्याच झटक्यात फेडर खाली. बाई गेली, तिचा शब्द मागे राहिला. गाण्याची गती 120 आहे, म्हणजे एक ठोका 500 मिलिसेकंदांचा. एको 500 वर ठेवलास तर तो ठोक्यावर पडून ड्रममध्ये दडून जाईल. 375 वर ठेव, मग तो ठोक्यांच्या मधून डोकं काढेल. टेपच्या एकोत दर फेरीला वरचे सूर झिजतात आणि शब्द हळूहळू मळकट होत जातो. तुझ्या एकोच्या प्लगइनमध्ये (जोड सॉफ्टवेअरमध्ये) तसं आपोआप होत नसेल तर फीडबॅकच्या, म्हणजे एको पुन्हा एकोत जाण्याच्या, वाटेवर एक फिल्टर बसव. चकचकीत एको दहाव्यांदा ऐकवत नाही.

फीडबॅकचं बटण जपून. मी नवखा असिस्टंट असताना मुंबईतल्या एका स्टुडिओत रोलंडचा स्पेस एको, टेपवर एको करणारं यंत्र, होता. मिक्स चालू असताना मी त्याची इंटेन्सिटी, म्हणजे फीडबॅकच, वाढवली आणि परत आणायला विसरलो. आवाज स्वतःवरच चढत गेला, शिट्टी झाली, मग किंकाळी. थोरल्या रेकॉर्डिस्टनं काही न बोलता रिटर्नचा (एकोतून परत येणाऱ्या आवाजाचा) फेडर खाली घेतला, आणि त्या शांततेत नुसता बेस उरला. आमच्या पूर्ण मिक्समध्ये तेवढाच भाग डबसारखा होता! निर्माता म्हणाला, ‘‘हे ठेवूया का?’’ नाही ठेवलं. अजून रुखरुख वाटते.

ऑटोमेशन (हाताचे बदल कॉम्प्युटरनं आपोआप करणं) सध्या बंद ठेव. छोटा कंट्रोलर, म्हणजे मिक्स हातानं चालवायचा खोका, आहे ना तुझ्याकडे? चौसष्ट ट्रॅकचे चार गट कर: ड्रम, बेस, बाकीची वाद्यं, आवाज. पहिलं कडवं आणि धृपद सरळ वाजू दे, हात मांडीवर. मग सुरू कर. सलग सात मिनिटं, मध्ये थांबून दुरुस्ती नाही. असे पाच टेक घे आणि न निवडता पाचही पाठव. मला ते बिघडलेलेही ऐकायचे आहेत, तिसऱ्याच्या आसपास तुझा हात सैल होईल असा माझा अंदाज आहे.

शेजारच्या आजी झोपायच्या आत बेसचं काम उरक.

तुझा,
काका