बेळगावहून एका दिवसात जाऊन बुडालेल्या जुन्या जहाजावर स्कूबा डायव्हिंग करता येईल का?

तुम्ही विचारलंय की रविवारी पहाटे चोर्ला घाटातून गोव्याला उतरायचं, उथळ पाण्यात शेकडो वर्षांपूर्वी बुडालेलं जहाज पाहायचं आणि रात्री जेवायला बेळगावात परत यायचं, हे जमेल का. जाणं जमेल. त्याच रात्री घाट चढून येऊ नका, एवढं मात्र कळकळीने सांगतो. त्याचं कारण पुढे येईलच, आधी जहाजाचं बोलू.

पर्यटकांना नेतात ते ग्रांदे बेटाजवळच्या 'सुझीज रेक'वर. ते लोखंडी जहाज, प्राचीन म्हणण्याइतकं जुनं नाही. पण सांगाड्यात मासे भरपूर असतात आणि पहिल्या वेळेला तेच योग्य. तुमच्या मनातलं जहाज आहे गोव्याच्याच समुद्रात, सुंची रीफवर (रीफ म्हणजे पाण्याखालचा खडकाळ पट्टा). दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी बुड्या मारून त्याचा अभ्यास केला. 17व्या शतकाच्या सुरुवातीचं पोर्तुगीज जहाज. पाण्याची खोली अवघी 3 ते 6 मीटर. तिथे लोखंडी तोफा, नांगर, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी मिळाली. जहाज म्हणून उभं असं मात्र काही नाही. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात (खरं तर ते शिंपल्याच्या कुळातले), ते वाळूबाहेर राहिलेलं लाकूड फस्त करतात. उरलेलं पावसाळी लाटा खडकावर आपटून फोडतात. म्हणून डोलकाठीसकट गलबत दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मला स्वतःला जास्त जवळचं वाटतं ते सेंट जॉर्ज रीफवरचं जहाज. त्यात कौलं भरलेली होती, 'बासेल मिशन टाइल वर्क्स 1865' असा ठसा असलेली. आपल्याकडच्या जुन्या घरांवरची मंगळुरी कौलं याच कारखान्यापासून सुरू झालेल्या परंपरेतली. आपल्या माळ्यावरून दिसतं तसलं कौल समुद्रतळाशी पडून आहे, ही गोष्ट मला अजून थक्क करते.

ही दोन्ही ठिकाणं संशोधनाची आहेत, सहलीची नाहीत. तिथे किंवा कुठेही बुडी मारताना खापराचा तुकडासुद्धा उचलू नका. 1972च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू पुरावशेष ठरतात. शिवाय तुकडा कुठे पडलाय यावरूनच जहाज कसं फुटलं ते कळतं. तो हलला की तो पुरावा गेला.

आता घाट. चोर्ला उतरताना कानाला दडे बसतात ना, तोच प्रकार पाण्यात कितीतरी जोरात होतो. दर 10 मीटरला हवेच्या एका पूर्ण वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून खाली जाताना नाक दाबून हलकेच फुंकत कान मोकळे करत राहायचं, आणि श्वास कधीही रोखायचा नाही. सर्दी असेल तर बेत सरळ पुढे ढकला. दमा, हृदयाचा त्रास किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो, वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, म्हणजे इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे 8 टक्के कमी. तो निचरा पूर्ण व्हायच्या आत वर चढलात तर शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. डायव्हिंगनंतर विमानप्रवासासाठी जो नियम सांगतात तो 600 मीटरच्या वरच्या उंचीला धरून आहे: एकच बुडी असेल तर किमान 12 तास थांबा, एकाहून जास्त असतील तर 18. आपण त्या रेषेच्या वर राहतो, पण गाडीने जाणाऱ्याला हे सहसा कोणी सांगत नाही. 5-6 मीटरच्या वीस मिनिटांच्या बुडीत धोका अगदी थोडा, हेही खरं. तरी एका रात्रीच्या मुक्कामाने तो टळत असेल तर टाळावा.

तेव्हा शनिवारी सकाळी बुडी, रात्री गोव्यात मुक्काम, रविवारी दुपारी परत, असं ठरवा. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला घ्या. पावसाळ्यात बोटी बंदच असतात. रात्री सांधे दुखले, हातापायाला मुंग्या आल्या किंवा भलताच थकवा वाटला, तर तो त्या बुडबुड्यांचा त्रास असू शकतो, घाट चढू नका. तिथल्याच मोठ्या रुग्णालयात जा, डायव्हिंग करून आलोय हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि ऑक्सिजन मागा.