पित्तखडे : ऑपरेशन, काढा की नुसती वाट पाहणं?

प्रश्न : वय ४६. वार्षिक तपासणीच्या सोनोग्राफीत पित्ताशयात ७-८ मिलिमीटरचे तीन-चार खडे दिसले. पोटात कळ कधी आलेली नाही, जेवणानंतर गॅस आणि जळजळ मात्र होते. एक डॉक्टर म्हणतात काढून टाका, दुसरे म्हणतात राहू द्या. शेजारी कुळथाचा काढा आणि ऑलिव्ह तेल-लिंबूरस घ्यायला सांगतात. नुसते खडे काढून पित्ताशय ठेवता येत नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे खडे सध्या मुके आहेत. अशा लोकांपैकी दरवर्षी शंभरात एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. बहुतेकांचे खडे जन्मभर गप्प राहतात. त्यामुळे ‘राहू द्या’ हा सल्ला चुकीचा नाही. मात्र खडा ३ सेंटिमीटरहून मोठा असेल, पित्ताशयात १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब) असेल, किंवा पित्ताशयाच्या भिंतीत चुना साठला असेल, तर दुखत नसलं तरी काढण्याचा विचार करावा लागतो, कारण तिथे कर्करोगाचा धोका वाढतो. रिपोर्टमध्ये या तीन गोष्टी तपासून घ्या.

गॅस आणि जळजळ हा बहुधा खड्यांचा प्रताप नव्हे. खड्याची कळ वेगळी असते. बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली सुरू होते, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, अर्धा तास ते चार-पाच तास टिकते आणि गॅस सरला किंवा शौचाला झालं म्हणून थांबत नाही. बऱ्याचदा रात्रीच येते. केवळ ढेकरांसाठी पित्ताशय काढून घेतलेल्यांचे ढेकर नंतरही चालूच राहतात, आणि मग ऑपरेशन फसलं असं वाटतं. फसलेलं असतं ते निदान.

कुळथाचा काढा मुतखड्यासाठी प्यायची आपल्याकडे रीत आहे. पण मुतखडा लघवीच्या वाटेत असतो, आणि बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा. पित्तखडा बहुधा कोलेस्टेरॉलचा, यकृताखालच्या पिशवीत बसलेला. जास्त लघवी होऊन तो वाहून जाण्याचा प्रश्नच येत नाही. कुळीथ जेवणात जरूर खा, औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

तेल-लिंबाचा प्रयोग मात्र करूच नका. दुसऱ्या दिवशी शौचात हिरवट, मऊ गोळे पडतात आणि ‘खडे पडले’ असा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो. २००५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा गोळ्यांचं पृथक्करण छापून आलं. त्यात कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य), कॅल्शियम यांपैकी काहीच नव्हतं, होती ती मेदाम्लं. प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण झाला होता. खरे खडे जागच्या जागी राहतात. धोका वेगळाच आहे. एकदम इतकं तेल पोटात गेलं की पित्ताशय जोरात आकुंचन पावतं आणि एखादा खडा नळीच्या तोंडाशी ढकलला जातो. लहान खडे जास्त निरुपद्रवी असं वाटतं, प्रत्यक्षात ५ मिलिमीटरच्या आतले खडेच मुख्य पित्तनलिकेत उतरून कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह करतात. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलही पित्ताशय आकुंचवतात, त्या टाळा. भाजीतल्या हळदीला हरकत नाही.

खडे विरघळवणारं खरं औषध एकच आहे : अर्सोडीऑक्सीकोलिक अ‍ॅसिड. किलोमागे ८ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला दिवसाला ५००-६०० मिलिग्रॅम, सहा महिने ते दोन वर्षं. खडा कोलेस्टेरॉलचा, चुना नसलेला, शक्यतो ५ मिलिमीटरच्या आतला आणि पित्ताशय नीट आकुंचन पावणारं असेल तरच. औषध थांबल्यावर पाच वर्षांत निम्म्या लोकांना पुन्हा खडे होऊ शकतात. नुसते खडे काढून पिशवी का ठेवत नाहीत, याचंही उत्तर हेच : तीच पिशवी नवे खडे करते.

प्रश्न : आईचं वय ६३, गावी असते. वर्षात दोनदा जोराची कळ आली. ऑपरेशन नको म्हणते, आयुर्वेदिक औषध घेते. तिच्यावर जबरदस्ती करावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जबरदस्ती नको, पण आकडे सांगा. एकदा कळ आली की ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते, आणि पित्ताशयाला सूज, कावीळ, स्वादुपिंडदाह यांचा धोका सुरू होतो. आमचं मत ऑपरेशनच्या बाजूनं आहे, आणि ते तब्येत चांगली असताना, ठरवून केलेलं बरं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला साधारण चार छिद्रं पडतात आणि बहुतेकजण एक-दोन दिवसांत घरी येतात. हे ऑपरेशन आपल्याकडे नवं नाही. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ते भारतात सुरू केलं. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका हजारात तीन ते पाच इतका. क्वचित मध्येच पोट उघडावं लागतं. तो सर्जनचा सावधपणा समजावा.

तरीही त्या थांबणार असतील, तर थांबणं नीट करा. प्रत्येक कळेची तारीख, वेळ, आधी काय खाल्लं, किती वेळ टिकली हे वहीत लिहायला सांगा. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि यकृताच्या चाचण्या. वैद्यांना रिपोर्ट दाखवा, औषधांची नावं लिहून ठेवा. जेवण वेळेवर, लांबलचक उपास नको. पित्त साचून घट्ट होतं, आणि दिवसभर रिकाम्या पोटी राहून संध्याकाळी साबुदाणे वडे खाल्ले की कळ ठरलेलीच. वजन कमी करायचं तर आठवड्याला अर्धा-एक किलोपर्यंत. झपाट्यानं उतरलं तर नवे खडे होतात.

रात्री गावातून कोणत्या दवाखान्यात न्यायचं, गाडी कोण काढणार, हे आजच ठरवा. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, उलट्या थांबत नाहीत किंवा कळ पाच-सहा तासांहून जास्त, यांपैकी एकही दिसलं तर काढा-गोळी न देता थेट न्यायचं. ही एक अट त्यांच्याकडून कबूल करून घ्या. सूज आलेल्या पित्ताशयाचं ऑपरेशन पहिल्या काही दिवसांतच करणं सोपं जातं, म्हणून उशीर महागात पडतो.

प्रश्न : ऑपरेशन ठरलंय. पुढे जन्मभर तेल-तूप बंद?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. पित्त यकृतात बनतं, ते यापुढे थेट आतड्यात थोडंथोडं उतरेल. पहिले काही आठवडे मऊ भात, वरण, ताक, फळभाज्या, तळण हळूहळू. जुलाब झाले तर ओट्स, केळं, इसबगोल उपयोगी पडतात, टिकले तर औषध आहे. खांदा दुखेल, तो पोटात भरलेल्या वायूमुळे. त्याच संध्याकाळी चालायला लागा. महिनाभर जड उचलू नका. पहिल्या आठवड्यात पोटदुखी वाढत गेली, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर पित्त गळत असू शकतं, लगेच जा. काढलेल्या पित्ताशयाचा बायॉप्सी रिपोर्ट न विसरता आणा. तो लॅबमध्ये पडून राहतो, आणि क्वचित त्यातच कर्करोग सापडतो.

आधीची कामं : रक्त पातळ करणारी गोळी, हळदीच्या कॅप्सूल, जडीबुटी यांची यादी भूलतज्ज्ञांना द्या. विमा नवा असेल तर पॉलिसी वाचा, पित्तखड्यांना बऱ्याचदा दोन वर्षांची प्रतीक्षा असते.

प्रश्न : मुलाला सिकलसेल आहे, वय १७, पित्तखडे निघाले. विरघळवायचं औषध चालेल का?
— एक वाचक, गडचिरोली

उत्तर : नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात लाल पेशी सतत फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन वाढतं, म्हणून हे खडे बिलिरुबिनचे होतात. औषध फक्त कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतं. कळा येत नसतील तर थांबता येतं, येत असतील तर ठरवून ऑपरेशन करा, आणि रक्तपेढी व सिकलसेलचा अनुभव असलेल्या रुग्णालयात. भूल देण्याआधी रक्त द्यावं लागू शकतं. उपाशी ठेवलेल्या वेळात सलाइन, शरीर उबदार ठेवणं आणि ऑक्सिजन, हे तिन्ही होणार का ते आधीच विचारा.