मुलाला मायनस नंबर लागलाय? आधी हे बघा

ताई, नंबर काढताना बाहुली मोठी करणारे थेंब घातले होते का, ते आधी विचारा. त्याशिवाय लहान मुलांचा मायनस नंबर जास्तच निघू शकतो. चष्मा पूर्ण नंबराचाच करा. कमी नंबराचा दिल्यानं नंबर वाढायचा थांबत नाही. फ्रेम घसरत असेल तर लगेच कसून आणा, नाहीतर पोरगं वरूनच बघत बसतं.

नंबर वाढू नये म्हणून मूल रोज 2 तास बाहेर उजेडात असायला हवं. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कोण जाणार म्हणा! सकाळी साडेसहा ते साडेसात, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा अंबाझरी तलावाकडे न्या. झाडाच्या सावलीतला उजेडही खोलीतल्यापेक्षा कितीतरी पट असतो.

नंबर वाढण्याचा वेग कमी करणारे ॲट्रोपिनचे सौम्य थेंब डॉक्टरांनी दिले, तर मनानं बंद करू नका, नंबर पुन्हा झपाट्यानं वाढू शकतो. दर 6 महिन्यांनी डोळ्याची पुढून मागे लांबीही मोजून घ्या, ती वाढली की मायनस नंबर वाढतो.